एकट्ठी उणे बादाल अधिक एक

१८४४६७४४०६९४१४५८४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. दर सेकंदाला एक या गतीने तिच्यापर्यंत मोजत जायचे ठरवले तर सुमारे अठ्ठावन्न हजार कोटी वर्षे लागतील, आणि तेवढे आयुष्य या विश्वालाही अद्याप लाभलेले नाही. ज्या संख्येपर्यंत कोणी मोजत गेले नाही आणि जाऊ शकणार नाही तिचा हा अविभाज्यपणा कोणी तो ओळखण्यापूर्वी कोठे होता, कोणाच्या ज्ञानात होता की त्याला कोणाच्या ज्ञानाची गरजच नव्हती, असा प्रश्न विचारला की गणिताची हद्द संपते आणि दर्शनशास्त्राची सुरू होते. या प्रश्नाची दोन तोलामोलाची उत्तरे भारतात जवळजवळ एकाच काळी, दहाव्या शतकाच्या अखेरीस, सिद्ध झाली. एक उत्तर परंपरेने मिथिलेचे मानल्या गेलेल्या उदयनाचार्यांचे असून त्यात संख्येवरून ईश्वराचे अस्तित्व सिद्ध केले आहे. दुसरे उत्तर म्हैसूरच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या श्रवणबेळगोळच्या जैन परंपरेतील आहे, आणि त्यात जगत्कर्त्या ईश्वराला स्थानच नाही.

श्रवणबेळगोळ मराठी वाचकाला ठाऊक असते ते मुख्यतः गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी लेखामुळे, जो मराठी भाषेच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक आहे आणि ती मूर्ती चामुंडरायाने करवली ही गोष्ट सांगतो. बी. लुईस राइस यांनी म्हैसूर संस्थानाच्या वतीने १८८९ मध्ये श्रवणबेळगोळच्या शिलालेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हापासून या लेखावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, मात्र त्याच चामुंडरायाशी जोडलेल्या गणिताकडे फारसे कोणी वळले नाही. चामुंडराय हा तळकाडच्या गंग राजांचा मंत्री आणि सेनापती, स्वतः कन्नड ग्रंथकार, आणि नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती या दिगंबर आचार्यांचा शिष्य. त्याच्या ‘गोम्मट’ या दुसऱ्या नावावरून आचार्यांनी आपल्या ग्रंथाला ‘गोम्मटसार’ हे नाव दिले. त्यांचा दुसरा ग्रंथ ‘त्रिलोकसार’ तिन्ही लोकांची रचना सांगतो, आणि त्या रचनेसाठी जी मापे लागतात ती सांगण्यापूर्वी संख्यांचेच एक शास्त्र उभे करतो.

या शास्त्रात संख्यांच्या चौदा धारा आहेत. धारा म्हणजे एका नियमाने चालणारी संख्यांची ओळ. सर्व संख्यांची सर्वधारा, सम संख्यांची समधारा, विषम संख्यांची विषमधारा, वर्ग असलेल्यांची आणि नसलेल्यांची, घन असलेल्यांची आणि नसलेल्यांची अशा त्या क्रमाने येतात. त्यांतील द्विरूपवर्गधारा ही अतिशय वेगाने चढणारी आहे. दोनचा वर्ग चार, चारचा वर्ग सोळा, सोळाचा दोनशे छप्पन्न, असा प्रत्येक पदाचा वर्ग हेच पुढचे पद होते. चौथे पद ६५५३६, पाचवे ४२९४९६७२९६ आणि सहावे १८४४६७४४०७३७०९५५१६१६ आहे. प्राकृत ग्रंथकारांनी या तिघांना त्यांच्या आरंभीच्या अंकांवरून पण्णट्ठी, बादाल आणि एकट्ठी अशी सुटसुटीत नावे दिली, त्यामुळे वीस अंकी राशी एका शब्दात बोलता येऊ लागली. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते त्या मोजणीला ते अर्धच्छेद म्हणत. पण्णट्ठीचे अर्धच्छेद १६, बादालचे ३२, एकट्ठीचे ६४. आजच्या भाषेत हा दोन पायाचा लॉगरिदम होय, आणि वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत तो नवव्या शतकाच्या आरंभीच सफाईने वापरलेला आढळतो.

बादाल आणि एकट्ठी यांचा गुणाकार केला की ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ ही एकोणतीस अंकी संख्या येते, जी दोनचा ९६ वा घात आहे. ‘गोम्मटसारा’च्या जीवकांडात ती पर्याप्त मनुष्यांची, म्हणजे देह, इंद्रिये आदी शक्ती पूर्ण झालेल्या मनुष्यांची, संख्या म्हणून दिली आहे. ती अंकांत न देता एका गाथेच्या अक्षरांत गुंफली असून प्रत्येक व्यंजनाला एक अंक ठरलेला आहे आणि अंक उजवीकडून डावीकडे चढत जातात. गाथेच्या आरंभीची त, ल, ली, न ही अक्षरे ६, ३, ३, ० हे शेवटचे अंक देतात, तर अखेरची ख, झ, सा ही अक्षरे २, ९, ७ असे आरंभीचे अंक देतात. एकोणतीस अंकांपैकी एकही चुकलेला नाही, आणि हजार वर्षे ताडपत्रांवरून ताडपत्रांवर उतरत आलेल्या मजकुरात ही अचूकता टिकली याचे श्रेय त्या अक्षरबंधाला द्यावे लागते, कारण कंठस्थ गाथेत अक्षर बदलले की वृत्त किंवा अर्थ बिघडतो आणि चूक कानाला कळते.

मात्र चौदा धारांत मूळ संख्यांची धारा नाही. ही उणीव एकट्या नेमिचंद्रांची नव्हे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी लिहिलेल्या ‘गणितसारसंग्रहा’त लघुतम सामान्य विभाज्याला निरुद्ध असे नाव आहे आणि अपूर्णांकांच्या बेरजेत त्याचा उपयोगही आहे, कुट्टक गणितात समान अवयव काढून टाकून संख्या दृढ करण्याची रीत आहे, पण जिला अवयवच नाहीत अशा संख्येचा स्वतंत्र विचार भारतीय गणितात रुजला नाही. सम-विषम आणि वर्ग-घन या भेदांमागे रचना आहे आणि रचना सांगता येते. मूळ संख्येची ओळख मात्र नकाराने होते, तिला कोणतीही रचना लागू पडत नाही एवढेच तिच्याविषयी प्रथम म्हणता येते, आणि धारा म्हणजे नियम असे मानणाऱ्या शास्त्रात तिला जागा मिळाली नाही यात आश्चर्य नाही. नियमाने चालणारी मूळ संख्यांची ओळ आजही कोणाच्या हाती लागलेली नाही.

असे असूनही आरंभी दिलेली मूळ संख्या या धारेच्या अगदी अंगाशी उभी आहे. एकट्ठीतून बादाल वजा करून एक मिळवला की तीच येते. तिचे गुण पाहू लागले की जुन्या ग्रंथांतील नावे असलेल्या संख्याच पुन्हा पुन्हा समोर येतात. तिच्यातून एक वजा केला तर बादाल आणि बादाल उणे एक यांचा गुणाकार उरतो, आणि बादाल उणे एक म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ यांचा गुणाकार. या पाचही मूळ संख्या दोन, चार, सोळा, दोनशे छप्पन्न आणि पण्णट्ठी यांच्यापेक्षा प्रत्येकी एकाने मोठ्या आहेत. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी याच ओळीतील सर्व संख्या मूळ असाव्यात असे अनुमान केले होते, परंतु लेओनहार्ट ऑयलर यांनी १७३२ मध्ये पुढचीच संख्या, म्हणजे बादाल अधिक एक, ६४१ आणि ६७००४१७ यांचा गुणाकार असल्याचे दाखवले. एकट्ठी अधिक एक ही संख्याही मूळ नाही, हे १८८० मध्ये फोर्चुने लँड्री यांनी तिचे अवयव काढून प्रसिद्ध केले. फर्मांच्या ओळीतील आजवर सापडलेल्या मूळ संख्या या पाचच आहेत, आणि पाचही प्रस्तुत संख्येच्या शेजारणीत एकत्र आहेत.

मनुष्यसंख्येशी तिचे नाते आणखी घट्ट आहे. कोणत्याही संख्येच्या घनात एक मिळवला तर त्या बेरजेला ती संख्या अधिक एक याने, आणि वर्ग उणे ती संख्या अधिक एक यानेही, भाग जातो, ही शाळेतील बीजगणितात शिकवली जाणारी समानता आहे. दोनचा ९६ वा घात हा बादालचा घन असल्यामुळे मनुष्यसंख्येत एक मिळवला की ६४१, ६७००४१७ आणि प्रस्तुत वीस अंकी संख्या या तीन अविभाज्य संख्यांचा गुणाकार तयार होतो. याचाच दुसरा अर्थ असा की प्रस्तुत संख्येने भागून केवळ बाकीचा विचार करायचा ठरवला, तर त्या बाक्यांच्या जगात मनुष्यसंख्या म्हणजे उणे एक होते, आणि एकट्ठी म्हणजे बादाल उणे एक. संगणकशास्त्रज्ञ आज या संख्येला गोल्डीलॉक्स या टोपणनावाने ओळखतात आणि स्वतःचे गुपित उघड न करता ते ठाऊक असल्याची खात्री पटवणाऱ्या सांकेतिक पद्धतींत ती वापरतात, त्याचे कारण हेच नाते आहे. चौसष्ट द्विमान अंकांच्या दोन संख्यांचा गुणाकार केला की येणारी मोठी राशी एकट्ठीपाशी आणि मनुष्यसंख्येपाशी तोडून तिचे तीन तुकडे करतात, मधल्या तुकड्याला बादाल उणे एक याने गुणून खालच्या तुकड्यात मिळवतात, वरचा तुकडा वजा करतात, आणि भागाकार न करताच बाकी हाती येते. चामुंडरायाच्या गुरूंनी गाथेत बांधलेली संख्या या पद्धतीच्या प्रत्येक गुणाकारात उणे एकाचे काम करते.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे आवश्यक आहे. नेमिचंद्रांना हे ठाऊक होते असे समजायला तिळमात्र आधार नाही, आणि असे दावे करण्याने त्यांचा गौरव होत नाही, त्यांनी खरोखर जे केले ते झाकले जाते. त्यांनी दोनपासून वर्गांची धारा उभारली आणि तिच्यातील दोन पदांचा गुणाकार केला. संगणकाच्या रचनाकारांनीही दोन हाच पाया निवडला. दोघांची गाठ पडली ती बीजगणिताच्या सक्तीमुळे, कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. परंतु तात्त्विक प्रश्न तीव्र होतो तो नेमका या सक्तीमुळे. ज्या दिवशी ती गाथा रचली गेली त्या दिवशीही मनुष्यसंख्या अधिक एक याला या वीस अंकी संख्येने भाग जात होता, आणि पृथ्वीवरील एकाही मनाला त्याचा पत्ता नव्हता.

वैशेषिक दर्शनाला हे विधान अडचणीचे आहे. त्या दर्शनात संख्या हा द्रव्याचा गुण आहे. एकत्व द्रव्यात स्वभावतः असते, पण दोनपासून परार्धापर्यंतच्या संख्या अपेक्षाबुद्धीने उत्पन्न होतात. अपेक्षाबुद्धी म्हणजे ‘हा एक, हाही एक’ असे अनेक एकांना एकत्र धरणारे ज्ञान. ते ज्ञान झाले की त्या वस्तूंत द्वित्व जन्मते आणि ते ज्ञान मावळले की द्वित्वही नाहीसे होते. संख्येत पाहणाऱ्याचाही वाटा आहे हे इतक्या नेमकेपणाने प्राचीन जगात क्वचितच कोणी मांडले असेल, आणि तो विचार हलका समजण्याचे कारण नाही, कारण बागेतील आंबा आणि आकाशातील तारा मिळून दोन होतात ते कोणीतरी त्यांना एकत्र घेते म्हणूनच. उदयनाचार्यांनी, ज्यांच्या ‘लक्षणावली’चा काळ शके ९०६ म्हणजे इ. स. ९८४ मानला जातो, ‘न्यायकुसुमांजली’च्या पाचव्या स्तबकात याच सिद्धान्तावरून ईश्वरसिद्धीचा एक युक्तिवाद रचला. दोन परमाणूंपासून द्व्यणुक होते तेव्हा त्याचे परिमाण परमाणूंच्या परिमाणातून येऊ शकत नाही, कारण अतिसूक्ष्मापासून अधिकच सूक्ष्म उपजेल, म्हणून ते परमाणूंतील द्वित्वापासून येते असे वैशेषिक मानतात. द्वित्वाला अपेक्षाबुद्धी हवी आणि सृष्टीच्या आरंभी देहधारी जीव नाहीत, तेव्हा ती अपेक्षाबुद्धी ज्याची आहे तो ईश्वर.

हा युक्तिवाद मोठ्या मूळ संख्येला लावून पाहिला तर त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, आणि प्रस्तुत संख्या त्याच्या १८४ पटींहून मोठी, म्हणजे वैशेषिकांच्या यादीच्याही पलीकडची आहे. तेवढ्या एकांना एकत्र धरणारी मानवी बुद्धी नाही, तेव्हा उदयनांच्या रीतीने ती ईश्वराच्याच अपेक्षाबुद्धीत असणार. इथवर युक्तिवाद टिकतो. पण अपेक्षाबुद्धी संख्या निर्माण करते असे मानले तरी त्या संख्येला अवयव नसणे हेही तीच निर्माण करते काय? ईश्वराने तेवढ्याच एकांना एकत्र धरून त्या राशीचे सात समान भाग पडावेत असे इच्छिले तर ते पडणार नाहीत, सहा उरतील. जे इच्छेने वा ज्ञानाने बदलू शकत नाही त्याचे कारण इच्छेत वा ज्ञानात शोधणे व्यर्थ आहे. संख्येचे असणे बुद्धीवर टाकता येईल, संख्यांमधील अनिवार्य संबंध टाकता येत नाही. नव्यन्यायाचे बंडखोर आचार्य रघुनाथ शिरोमणी यांनी पुढे संख्येला गुणांच्या यादीतून काढून स्वतंत्र पदार्थ ठरवले, कारण संख्या द्रव्यांची सांगतो तशी गुणांचीही सांगतो आणि गुणात गुण राहत नाही. न्यायपरंपरेच्या आतूनच आलेली ही दुरुस्ती योग्य दिशेची होती.

जैन दर्शनाची भूमिका आरंभापासून वेगळी आहे. आकाशाचे प्रदेश अनंत आहेत, एका जीवाचे प्रदेश असंख्यात आहेत, आणि ते तसे असण्यासाठी कोणी मोजत बसण्याची आवश्यकता नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’त संख्या हे जे आहे त्याला जाणण्याचे एक द्वार म्हणून येते. ईश्वर कर्ता नाही, पण सर्वज्ञ मात्र आहे, आणि तो एकच एक नसून कर्मावरणे गळून पडलेल्या प्रत्येक आत्म्याला सर्वज्ञता शक्य आहे. केवलज्ञान वस्तूला घडवत नाही, असलेली वस्तू सर्व पर्यायांसह जाणते. त्यामुळे प्रस्तुत संख्येचा अविभाज्यपणा केवलज्ञानात आहे, परंतु केवलज्ञानामुळे नाही, असे उत्तर जैन विचारात सरळ मिळते आणि ते वैशेषिक उत्तरापेक्षा गणिताच्या अनुभवाला अधिक जवळचे आहे.

मात्र नेमिचंद्रांच्या धारांत एक अडचण राहते. सर्वधारा एकापासून निघून केवलज्ञानाच्या प्रमाणापाशी, म्हणजे उत्कृष्ट अनंतानंतापाशी, संपते, आणि द्विरूपवर्गधाराही तेथेच जाऊन थांबते. ज्ञानाचे प्रमाण हीच संख्येची कमाल मर्यादा, ही कल्पना भक्तीच्या दृष्टीने उदात्त असली तरी संख्येच्या स्वभावाशी जुळत नाही, कारण शेवटच्या संख्येतही एक मिळवता येतो. मूळ संख्यांनाही शेवट नाही हे युक्लिडने फार पूर्वी सिद्ध केले होते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली, दोनच्या १३६२७९८४१ व्या घातातून एक वजा करून मिळणारी, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची मूळ संख्या हीदेखील अंतिम नव्हे. अकलंकांनी ‘तत्त्वार्थवार्तिका’त अनंतासंबंधी जे म्हटले आहे त्याचा आधार येथे अधिक उपयोगी पडतो. सर्वज्ञ अनंताला जाणतो म्हणून ते सान्त होत नाही, कारण तो त्याला अनंत म्हणूनच जाणतो. ही भूमिका स्वीकारली तर धारेला शेवटचे पद देण्याची गरज उरत नाही, आणि जैन सिद्धान्ताचे काही बिघडतही नाही.

केवलज्ञान ज्यांना नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न जैन तार्किकांनी टाळला नाही. समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त स्याद्वाद आणि केवलज्ञान ही दोन्ही सर्व तत्त्वांवर प्रकाश टाकतात, भेद फक्त साक्षात् आणि असाक्षात् एवढाच, अशी भूमिका घेतली आहे. असाक्षात् ज्ञानाला हेतू लागतो, आणि हेतूचे लक्षण कोणते यावर पात्रकेसरींनी बौद्ध तार्किकांशी वाद घातला. बौद्ध मतात हेतूची तीन लक्षणे आहेत. पात्रकेसरींच्या मते एकच पुरे, ते म्हणजे अन्यथानुपपत्ती, साध्य नसेल तर हेतू संभवतच नाही हा संबंध. उदाहरणांचा ढीग त्यात भर घालत नाही आणि उदाहरण नसल्याने काही कमी पडत नाही. या आचार्यांच्या त्या विजयाचा गौरव श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर पार्श्वनाथ बसदीत असलेल्या शके १०५० च्या मल्लिषेण प्रशस्तीत कोरलेला आहे.

मूळ संख्येची सिद्धता हा अन्यथानुपपत्तीचा अत्यंत शुद्ध नमुना आहे. प्रस्तुत संख्या मूळ आहे हे साक्षात् पाहायचे तर बादालच्या आतील २०३२८०२२१ मूळ संख्यांनी तिला एकेक करून भागून पाहावे लागेल, आणि हे काम कोणत्याही माणसाच्या आयुष्यात मावणारे नाही. परंतु फ्रेंच गणिती फ्रांस्वा प्रोथ यांनी १८७८ मध्ये एक प्रमेय दिले, ज्याचा आशय असा की एखादी संख्या दोनचा घात आणि त्या घातापेक्षा लहान अशी विषम संख्या यांच्या गुणाकारापेक्षा एकाने मोठी असेल, आणि तिच्यातून एक वजा करून येणाऱ्या संख्येच्या निम्म्याइतका कोणत्याही एका संख्येचा घात करून तिने भागल्यावर बाकी उणे एक येत असेल, तर ती मूळच असली पाहिजे. प्रस्तुत संख्या या आकाराची आहे, आणि ७ या अंकाने ही परीक्षा ती उत्तीर्ण होते. त्यासाठी लागतात ६२ वेळा वर्ग आणि ३१ वेळा ७ ने गुणाकार, प्रत्येक पायरीला बाकी घेत घेत. वर्गाचा वर्ग करत जाण्याची कृती ही द्विरूपवर्गधारेचीच कृती आहे, आणि चिकाटीच्या एखाद्या मुनीने दहाव्या शतकात ताडपत्रावर ती काही दिवसांत पुरी केली असती, फक्त ती का करायची हे सांगणारे प्रमेय त्या वेळी नव्हते. बाकी उणे एक येणे हा हेतू, मूळ असणे हे साध्य, आणि संख्या संयुक्त असती तर ती बाकी आलीच नसती हा त्यांचा संबंध. येथे उदाहरणाची मुळीच आवश्यकता पडत नाही.

एक शंका अनेकांतवादाच्या बाजूने येऊ शकते. कोणतेही विधान दृष्टिकोनसापेक्ष असेल तर ‘ही संख्या मूळ आहे’ हेदेखील सापेक्षच ठरेल काय? ठरते, आणि त्यात गणिताला बाध येत नाही. प्रस्तुत संख्या बादाल उणे एक याचा वर्ग आणि पण्णट्ठीचा वर्ग यांची बेरीज आहे. जिचा वर्ग उणे एक आहे अशी काल्पनिक संख्या स्वीकारून कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी पूर्णांकांचे जे विस्तृत क्षेत्र उभारले, त्यात दोन वर्गांच्या अशा बेरजेचे दोन अवयव पडतात, म्हणून तेथे ही संख्या मूळ राहत नाही. पूर्णांकांच्या क्षेत्रात ती मूळ आहे, गाउसच्या क्षेत्रात नाही. जैन तार्किक ‘स्यात् अस्ति’ आणि ‘स्यात् नास्ति’ म्हणताना स्वद्रव्य, स्वक्षेत्र, स्वकाल आणि स्वभाव यांची जी अट घालतात, ती या उदाहरणात अक्षरशः पाळली जाते. दोन्ही विधाने पूर्ण निश्चयाची आहेत, दोहोंतही ‘कदाचित’ नाही. अनेकांत म्हणजे ज्याला जे वाटेल ते खरे, असा सैल अर्थ सभासंमेलनांतून पुष्कळ ऐकू येतो, आणि तो अनेकांताचे फार नुकसान करतो. कोणत्या क्षेत्रातून बोलायचे ते ठरेपर्यंतच मोकळीक आहे, ठरल्यावर उत्तर एकच.

या ग्रंथांच्या अभ्यासात म्हैसूर आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. ‘धवला’चे मुद्रण १९३९ पासून हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीत सुरू झाले. ‘तिलोयपण्णत्ती’ हा लोकरचनेचा आणि मापांचा प्राकृत ग्रंथ हिरालाल जैन आणि आ. ने. उपाध्ये यांनी सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९४३ आणि १९५१ मध्ये दोन भागांत काढला, आणि ‘गणितसारसंग्रहा’चा हिंदी अनुवादही सोलापुरातूनच १९६३ मध्ये निघाला. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवलेले उपाध्ये आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९७१ पासून, म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या आणि प्राकृत या विषयांचे प्राध्यापक होते. त्यांनी पाठ शुद्ध करून ठेवले. त्या पाठांतील गणित आणि आजचा संख्यासिद्धान्त समोरासमोर ठेवून मराठीत लिहिण्याचे काम मात्र अद्याप व्हायचे आहे, आणि ते प्राकृत जाणणाऱ्याने व गणित जाणणाऱ्याने एका मेजावर बसूनच करावे लागेल. तोवर ज्या वाचकाला या लेखातील एखादे तरी विधान दुसऱ्याच्या शब्दावर न मानता स्वतः तपासायचे असेल, त्याने कागद घेऊन ४२९४९६७२९५ आणि ६५५३६ यांचे वर्ग करावेत आणि त्यांची बेरीज करून पाहावी.